कोल्ह्यासाठी कुठलं काडतूस?

मागच्या हिवाळ्यात एका रात्री साडेअकराला चुलतभावाची व्हॉइस नोट आली. तो डॅलसजवळ राहतो, त्याच्याकडे भर दुपार होती. ऑफिसातल्या मित्राच्या सासऱ्यांचं दोन तासांवर रँच आहे. तिथे शेळ्या आहेत, आणि करडांवर कायोटी टपलेले असतात. शनिवारी रात्री मंडळी कायोटी मारायला जातात. यंदा यालाही बोलावलं होतं, आणि त्यासाठी रायफल विकत घ्यायची होती.

"अगं, .२२३ घेऊ, .२२-२५० घेऊ की .२४३? दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो. आपल्या घरात बंदुकीतलं कळतं ते तुलाच."

हे अर्धंच खरं होतं. कॉलेजात असताना एनसीसीत मी .२२ रायफलने पोटावर झोपून कागदावर भोकं पाडली आहेत. एकदा पाचही भोकं चहाच्या कपाच्या तोंडात मावतील इतकी जवळ आली, त्यावर घरात माझं नाव झालं. बाकी सगळं वाचलेलं. जिवंत प्राण्यावर मी कधी नेम धरलेला नाही.

पण त्याच आठवड्यात आमच्या घरात एका खऱ्या बंदुकीचं काय करायचं यावर बोलणं चाललं होतं. आजोबा जाऊन काही महिने झाले होते आणि त्यांची बारा बोअर जमा होती. वारसांपैकी कुणी परवाना मागणार आहे का, हे सांगायचं होतं. त्यामुळे भावाच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझ्या डोक्यात सारखी दुसरीच बंदूक येत राहिली.

आधी त्याचा प्रश्न.

कॅलिबरचा आकडा ऐकून वाटतं की मोठा आकडा म्हणजे मोठी बंदूक. तसं नसतं. .२२ म्हणजे इंचाच्या शंभर भागांतले बावीस, साधारण साडेपाच मिलिमीटर. पेन्सिलीपेक्षाही बारीक. .२२३ रेमिंग्टनची गोळी प्रत्यक्षात .२२४ इंचांची असते. .२२-२५० ची गोळीही .२२४ इंचांचीच. म्हणजे एनसीसीत मी कागदावर पाडलेलं भोक आणि भाऊ ज्याच्यासाठी डॉलर मोजणार होता ते भोक, दोन्ही जवळपास एकाच मापाची.

फरक असतो मागच्या दारूचा. एनसीसीतल्या .२२ ची गोळी ४० ग्रेनची. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ती सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. .२२३ ची ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळपास हजार मीटर जाते. .२२-२५० मधून तेवढीच गोळी अकराशेच्या वर. हे काडतूस जन्मलंच तसं: .२५० सॅव्हेज या जुन्या काडतुसाच्या पुंगळीचं तोंड आवळून त्यात .२२ ची गोळी बसवली. हौशी शिकाऱ्यांनी घरच्या वर्कशॉपमध्ये केलेला हा उद्योग रेमिंग्टन कंपनीने १९६५ मध्ये अधिकृत करून टाकला. ऊर्जेच्या हिशेबात सांगायचं तर एनसीसीची गोळी १८० ज्यूलच्या आसपास, .२२३ सतराशेच्या आणि .२२-२५० बावीसशेच्या आसपास. भोक तेच, धक्का दहा-बारा पट.

.२४३ थोडी जाड आणि जड. तिच्यावर हरीणही मारतात. वाऱ्यात ती कमी ढळते, पण दहा-पंधरा किलोच्या कायोटीसाठी ती जरा जास्तच.

मग शिकारी एवढा वाद कशावर घालतात? कातडीवर. ज्यांच्या फरला बाजार आहे असे प्राणी म्हणजे कायोटी, कोल्हा, बॉबकॅट, रॅकून. हिवाळ्यात त्यांची फर दाट होते, शिकार तेव्हाच. प्राणी जागेवर पडला पाहिजे, पण कातडीला टाके घालावे लागता कामा नयेत. त्यासाठी पातळ आवरणाची वेगवान गोळी वापरतात. ती छातीत शिरते, आतच फुटते आणि बाहेर येत नाही. एकच बारीक भोक, तेही फरमध्ये लपून जातं. पण तीच गोळी खांद्याच्या हाडावर बसली तर तिथेच फुटून तळव्याएवढं भगदाड पाडते. उलट, कडक आवरणाची लष्करी पद्धतीची गोळी आरपार जाते, भोक लहान ठेवते आणि प्राणी जखमी होऊन पळतो, कुठेतरी झुडपात मरतो. बॉबकॅट किंवा रॅकूनसारख्या लहान जनावरासाठी .२२३ सुद्धा भारी पडते. तिथे .१७ एचएमआर बरी. तिची गोळी एका ग्रॅमहून थोडी जास्त भरते, पण जरा वारा सुटला की भरकटते.

हे सगळं वाचून मी त्याला विचारलं, "कातडीचं काय करणार आहेस?"

"कातडी? काही नाही गं. कोण घेतंय आता?"

तेही खरं. महागड्या जॅकेटच्या टोपीला कायोटीच्या फरची झालर लावणाऱ्या 'कॅनडा गूज' कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलं की आता फर विकत घेणार नाही. झालरीची फॅशनही ओसरली.

"मग मेलेल्याचं करतात काय?"

"पडू देतात. काही जण कुंपणाला टांगतात म्हणे."

त्याने ते सहज सांगितलं. मला वाटलं, मग एवढा खल कशाला? कातडी नकोच असेल तर भोक केवढं पडतं याने काय फरक पडतो? कॅलिबर निवडणं म्हणजे गोळी लागल्यावर आपल्याला काय शिल्लक हवं आहे ते ठरवणं. फर हवी असेल तर एक गोळी, मांस हवं असेल तर दुसरी. काहीच नको असेल तर जी स्वस्त असेल ती.

स्वस्त म्हणजे .२२३. ती स्वस्त का, हे कळलं तेव्हा मला आपल्याकडचा कायदा आठवला. अमेरिकी सैन्याचं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस आणि .२२३ ही सख्खी भावंडं. सैन्यासाठी ते अब्जावारी बनतं, म्हणून ते तिथे प्रत्येक दुकानात मिळतं. आपल्याकडे उलटं. सैन्य जे काडतूस वापरतं ते नागरिकाला नाही, हा इंग्रजांच्या काळापासूनचा दंडक. सैन्याकडे .३०३ होती, म्हणून नागरिकांसाठी .३१५ आली, ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर काडतुसावर बेतलेली. शस्त्र इतकंच वेगळं की शिपायाची गोळी शेतकऱ्याच्या बंदुकीत जाऊ नये. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही ती बनवली. तिकडे सैन्याची गोळी म्हणून लोक घेतात, इकडे सैन्याची गोळी म्हणून लोकांना देत नाहीत.

आणखी एक गंमत भावाने सांगितली. तो एच-वन-बी व्हिसावर आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही, पण त्याच्याकडे शिकारीचा परवाना असेल तर येते. म्हणजे त्याला बंदूक हवी असेल तर आधी शिकारी व्हायला हवं. त्याने ऑनलाइन कोर्स केला, परीक्षा दिली, परवाना घेतला.

आजोबांचं उलट होतं. ते शेतकरी होते, म्हणून त्यांच्याकडे बंदूक होती.

आमचं गाव मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीच्या वरच्या अंगाला. भात, थोडी आंब्याची कलमं, परसात नारळ. रानडुकरं एका रात्रीत खाचर उलथून टाकतात. म्हणून कोकणात शेतीसंरक्षणाचे परवाने गावोगाव आहेत. आजोबांची एकनळी बारा बोअर होती. बारा बोअर हा आकडा इंचांचा नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळी. साडेअठरा मिलिमीटर. तिच्यात गोळी नव्हे, छर्रे. काडतुसं खडकीच्या कारखान्यातली, 'शक्तिमान'. लहानपणी मला वाटायचं की टीव्हीवरच्या शक्तिमानचीच ती कंपनी.

जनावरावर त्यांनी बंदूक फार कमी चालवली. बहुतेक वेळा रात्री माळ्यावरून आभाळात एक बार, की डुकरं डोंगराकडे. शिकारीला मोकळीक होती त्या काळात मात्र त्यांनी डुकरं मारली होती. आमच्या घरात डुक्कर चालत नाही. ते मारायचे आणि शेजारच्या कुणबीवाडीतली माणसं उचलून न्यायची. आजोबा हात धुऊन घरी. "मला पीक, त्यांना सागुती," ते म्हणायचे. त्यांच्या बंदुकीनंतर काय शिल्लक राहायचं ते असं आधीच ठरलेलं होतं.

कोल्ह्यावर त्यांनी आयुष्यात एकदाच बंदूक चालवली. मी जन्मायच्या कितीतरी आधीची गोष्ट. कोल्हा कोंबडी नेतो, काकडीच्या वेलाखाली येतो, हे सगळ्यांना ठाऊक. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण काही उगाच नाही आली. त्यासाठी कुणी काडतूस खर्च करत नाही. पण हा कोल्हा भर दिवसा वाडीत शिरला होता, लाळ गाळत. दोघांना चावला होता. तेव्हा कुत्रं पिसाळलेलं असो की कोल्हा, चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं, आणि तीही कुठेतरी लांब शहरात.

आजोबा बंदूक घेऊन गेले तेव्हा कोल्हा एका गडग्याला टेकून उभा होता, वीस पावलांवर. त्यांनी बार काढला नाही. गडग्यापलीकडे पाणंद होती आणि पाणंदीत माणसं जमली होती. ते चालत बाजूला गेले, मागे डोंगराचा चढ येईपर्यंत. तोवर कोल्हा त्यांच्याकडे तोंड करून उभाच. मग मारला. खोल खड्डा खणून पुरला, वर दगड रचले.

गोष्ट सांगून झाली की ते मला विचारायचे, "बाय, बंदूक धरली की पहिलं काय बघायचं?"

मी म्हणायची, "नेम."

"नाही. मागे काय आहे ते."

आता नया नगर. आम्ही मीरा रोड पूर्वेला राहतो, आणि आमची खिडकी पश्चिमेला उघडते. खाली दुकानं, रिक्षा, कबाबचा धूर, लांब रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे मिठागरं आणि तिवरं. पाहुणे खिडकीतून बघून म्हणतात, तिकडे काहीच नाही. तिकडे खेकडे आहेत, घुशी आहेत, पाणपक्षी आहेत आणि कोल्हे आहेत. मुंबई आणि ठाण्याच्या खाड्यांलगतच्या तिवरांत सोनेरी कोल्हा बऱ्याच ठिकाणी आहे. आठ-दहा किलोचं जनावर, गावठी कुत्र्याहून किरकोळ, शेपटीचं टोक काळं. रात्री उशिरा गाड्या विरळ झाल्या की कधीतरी कोल्हेकुई ऐकू येते. बहुतेकांना ती कुत्र्यांची भांडणं वाटतात.

त्याच महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कचऱ्याजवळ कोल्हा, मोटारसायकलच्या दिव्यात डोळे चमकलेले. खाली मेसेजची रांग. लांडगा आहे. बिबट्याचं पिल्लू आहे. मुलांना खाली पाठवू नका. कुणीतरी २०२४ ची ट्रॉम्बे-चेंबूरकडची बातमी टाकली, तिथे कोल्हे माणसांना चावले होते आणि मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज सापडला होता. ती बातमी खरी होती, म्हणून भीतीही खोटी नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे चाचा मला लिफ्टमध्ये म्हणाले, "बेटा, तू तो रायफल चलाती थी ना? एक गोली में काम हो जाएगा."

ते हसत म्हणाले. मीही हसले. पण घरी येऊन मी खरंच विचार केला. समजा मारायचंच असतं, तर कुठलं काडतूस?

एनसीसीतली ती साधी .२२ घेऊ. तिच्या डब्यावर इशारा छापलेला असतो की गोळी सव्वा ते दीड मैलापर्यंत धोकादायक, म्हणजे दोन किलोमीटर आणि वर. मीरा रोड ते भाईंदर स्टेशन सव्वातीन किलोमीटर आहे. सगळ्यात लहान रायफलची चुकलेली गोळी त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर कापेल. मधे लोकल आहेत, फलाट आहेत, इमारती आहेत. इथे कुठल्याही कोल्ह्याच्या मागे डोंगराचा चढ नाही. मागे सगळीकडे माणसं आहेत.

आणि कायदा आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार संपवली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ-बिबट्यांच्या यादीत. मारला तर किमान तीन वर्षांची कैद. मी ग्रुपवर लिहिलं: हा कोल्हा आहे, कचरा उघडा टाकू नका, जवळ जाऊ नका, दिवसा भटकताना किंवा अंगावर येताना दिसला तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा, चावला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच इंजेक्शन घ्या. आता ती हातावर देतात, पोटात नाही. चाचांनी अंगठा दाखवला.

अब्बांशी बोलणं राहिलं होतं. आजोबा जाण्याआधी म्हणाले होते, बंदूक पोरीला द्या, तिला धरता येते. कायद्याने वारसाला अर्ज करता येतो. सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, पत्त्याची आणि माणसाची पडताळणी होते.

अब्बा चहा पीत होते. म्हणाले, "नया नगरच्या पत्त्यावर? आणि तुझ्या नावावर?"

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. घर भाड्याने बघताना, बँकेत, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही सगळे जो हिशेब करतो तोच त्यांनी केला होता.

"आजोबांना मिळालीच होती ना," मी म्हणाले.

"ते गाव होतं. तिथे सगळे आजोबांना ओळखायचे."

मी आजोबांची परवान्याची पुस्तिका काढून बसले. पहिल्या पानावर तरुणपणीचा फोटो, कान जरा बाहेर आलेले. पुढे पानापानावर नूतनीकरणाचे शिक्के, दर तीन वर्षांनी एक. मधे निवडणुका आल्या की बंदूक जमा केल्याच्या आणि परत घेतल्याच्या पावत्या. दंगली झाल्या, सरकारं बदलली, आजोबांचे गुडघे गेले, तरी शिक्के चालूच. एका कोकणी मुसलमान शेतकऱ्याकडे बंदूक राहू द्यायला हरकत नाही, असं दर तीन वर्षांनी कुणीतरी टेबलामागे बसून ठरवलं होतं आणि सही केली होती. मला बंदूक नको होती. त्या शिक्क्यांनंतरचा पुढचा शिक्का हवा होता.

आणि तो मिळाला नसता तर? नियमांतल्या कुठल्यातरी साध्या कारणाने अर्ज परत आला असता, तरी मी ते कारण खरं मानलं नसतं. आयुष्यभर विचार करत बसले असते. म्हणून मी अर्ज केला नाही. याला शहाणपण म्हणायचं की भीती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. खिडकीतून रुळांकडे बघते तेव्हा शहाणपण वाटतं. पुस्तिका हातात घेते तेव्हा नाही.

बंदूक परवानाधारक दुकानदारामार्फत विकली. ज्यांनी घेतली ते कुणबीवाडीतले, त्यांच्या वडिलांनी आजोबांची डुकरं उचलून नेली होती. आता त्या काडतुसाचा आवाज त्याच खाचरांवर होईल. पुस्तिका जमा करण्याआधी मी तिच्या सगळ्या पानांची रंगीत झेरॉक्स काढून ठेवली.

भावाला मी उत्तर लिहिलं: .२२३ घे. बोल्ट अॅक्शन, ५० किंवा ५५ ग्रेनची, पातळ आवरणाची गोळी. दोनशे यार्डांपलीकडे मारू नकोस, जखमी जनावर सोडून येऊ नकोस. आणि नेम धरायच्या आधी मागे काय आहे ते बघ. एक गोष्ट लिहून पुसली, मग पुन्हा लिहिली: सरकारी माणसंच तिकडे दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त कायोटी मारतात, शंभर वर्षं मारत आलेत, तरी पश्चिमेच्या माळावरचा हा प्राणी आता न्यूयॉर्कपर्यंत पोचलाय. तुझ्या एकाने शेळ्या वाचणार नाहीत. शेळ्यांसाठी रात्री गोठा आणि राखणीचा कुत्रा लागतो.

त्याने .२२३ घेतली. तीन आठवड्यांनी रात्री फोटो आला. गवतावर कायोटीची मादी, डोळे अर्धे उघडे, फरवर कुठेही रक्त नाही. खाली लिहिलं होतं: छातीत. बाहेर भोक नाही. मागे टेकडी होती.

मी बराच वेळ फोटो बघत राहिले. काय लिहावं कळेना. त्याने सगळं बरोबर केलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी रात्री पावणेदोनला जाग आली तेव्हा तिवरांकडून आवाज येत होता. एकाने सुरुवात केली, मग दुसरा, मग चार-पाच. मी खिडकी उघडून फोन बाहेर धरला आणि अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग भावाला पाठवलं.

"कायोटी?" त्याने लगेच विचारलं. "तू कुठे गेलीस?"

"घरीच आहे. आपले कोल्हे."

दोन निळ्या खुणा आल्या. तो पुन्हा ऐकत असावा. मग त्याचा मेसेज आला.

"मागे मालगाडी जातेय."